ऑपरेशनला पात्र
मीरा रोडच्या दवाखान्यात उत्तमचं वजन दीडशे किलोंच्या वर भरलं, पोट लहान करायच्या नव्या ऑपरेशनला पुरेसं. “पण दारू पिणाऱ्याला मी हात लावत नाही,” डॉक्टर म्हणाले. “भुलीतच जीव जातो.” “सणासुदीला घेतो,” उत्तम म्हणाला. डॉक्टर त्याच्या बायकोकडे, मृणालिनीकडे वळले. “वहिनी, खरं सांगा.” गणपतीत मोडलेलं तिचं मनगट उत्तमने टेबलाखाली पुन्हा पिरगाळलं. खोटं बोललं तर हा भुलीतच जाईल, आपण कायमच्या सुटू, असं तिच्या मनात येऊन गेलं. “रोज पितात,” ती म्हणाली. “पिऊन मारतात.” उत्तमची मूठ तिच्या तोंडावर बसली. ती खुर्चीसकट कोसळली. वॉर्डबॉयनी त्याला फरफटत बाहेर नेलं. तो दारावर धडका देत राहिला. “ऑपरेशन होणार नाही,” डॉक्टर तिला उठवत म्हणाले. “पोलिसांना बोलावू?” तुटलेला दात तिने पदरात थुंकला. “बोलवा. मी इथेच बसते.”