पाडव्याचा पहिला शब्द

गोजरबाईने भाकरीचं फडकं सहादेवबुवांपुढे ठेवलं. ठेवलं कसलं, आदळलंच.

"महाराज, मूग गिळून किती दिस बसनार? माझा भाऊ झुरून मरायला लागलाय, आन् तुमी डोळे मिटून!"

बुवांनी डोळे उघडले. तिच्याकडे पाहिलं, फडक्याकडे पाहिलं आणि ते हळूच बाजूला सारलं. शेजारीच गावातल्या छबूबाईने आणलेली, रेशनवरच्या परदेशी मिलो ज्वारीची तांबडी भाकरी होती. ती मोडून ते खाऊ लागले.

रोज हेच. कारभारी, म्हणजे तिचा नवरा, खडीवर गेला की ती आधी मठात यायची आणि रोज आपली भाकरी तशीच परत न्यायची. गोजरबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोराच्या बहिणीच्या हातचं अन्नही विटाळलं काय यांना? तिची चांगली पांढरी भाकरी सोडून रेशनचा मिलो चावत बसतात, याला काय म्हणायचं?

बुवांचं मौन दसऱ्याला सुरू झालं होतं, पाडव्याला सुटायचं होतं. तोवर बोलणं नाही, खूण नाही, पाटीवर लिहिणं नाही. आणि मौन सुटल्यावर त्यांच्या तोंडून पहिला जो शब्द येईल तो गुरुबंधूंनी खोटा मानायचा नाही, अशी मठाची रीत. चांगल्या सालात याचं कौतुक व्हायचं. पण यंदा बहात्तरचा दुष्काळ होता. विहिरींचे तळ उघडे पडले होते आणि अख्खं गाव पाथर्डीच्या रस्त्यावर खडी फोडत होतं.

त्यात माघात मठाच्या कोठीतली दोन पोती ज्वारी गेली. दुष्काळाच्या आधी गुरुबंधूंनी पाडव्याच्या पंगतीसाठी पसापसा गोळा केलेली. भरदिवसा गेली, गाव टँकरच्या पाण्यावर तुटून पडलं होतं तेव्हा. कुलूप जुनं, हिसक्यानेही निघणारं; किल्ली मठाचे पुढारी आबासाहेब यांच्याकडे, आणि राखणीला भिमाजी, गोजरबाईचा धाकटा भाऊ. तोही घागर घेऊन टँकरकडे धावला होता. आबासाहेबांकडे बोट कोण दाखवणार? भिमाजीचे टाळ काढून घेतले. त्याला पंगतीतून उठवलं. यापुढे कुणी त्याला गुरुभाऊ म्हणायचं नाही, असं ठरलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

बुवांचं आसन कोठीच्या दारासमोर. माणूस तिथून हलत नाही. पोती उचलणारा त्यांना दिसला नसेल, हे शेंबडं पोरही मानलं नसतं.

ती आबासाहेबांकडेही जाऊन आली होती.

"एक शब्द बोलायला सांगा की त्यांना."

"गोजरबाई, मौन हे तप हाय. शास्त्रात सांगितलंय, मौनं सर्वार्थसाधनम्."

"कुनाचा अर्थ साधतोय, तेवढं सांगा."

आबासाहेबांनी पान जुळवायला घेतलं. या लोकांची आळीमिळी गुपचिळी, आणि तिला म्हणायचं तप. आबासाहेबांनीच पोती लांबवली, याबद्दल तिच्या मनात आता तिळभर शंका उरली नव्हती.

संध्याकाळी कारभारी खडीवरून आला. तोही गुरुबंधूंतलाच, पण मवाळ माणूस.

"अवो, तुमी तरी बोला. तुमचा मेव्हना हाय."

"मौनाचा मान ठेवावा. आन् तू मठाकडं जात जाऊ नको."

"का बरं?"

"लोक बोलत्यात."

लोक बोलतात आणि महाराज बोलत नाहीत, सगळं उलटंच. तिने रागारागात पीठ मळायला घेतलं. एका गोष्टीचं मात्र तिला बरं वाटायचं. कारभारी मधूनमधून शेवगावला बहिणीकडे जायचा आणि येताना पायली-दोन पायली दाणे आणायचा. वन्संचे उपकार फेडता येणार नाहीत, असं ती मनाशी म्हणायची. त्यातलीच एक भाकरी ती भिमाजीसाठी ठेवायची. तो दोन घासांवर उठायचा.

"पाडवा झाला की मी हितं ऱ्हात न्हाई, आक्का," तो म्हणाला. "ज्या गावात मला चोर म्हनत्यात, तिथलं पानीबी उतरंना घशाखाली."

पाडव्याला मठावर गुढी उभी राहिली. गुरुबंधू ओळीने बसले, आबासाहेब पुढे, कारभारी मागच्या रांगेत. भिमाजी उंबऱ्याबाहेर, काखेत बोचकं घेऊन. गोजरबाई भाकरीचं फडकं घेऊन सरळ आत शिरली.

"महाराज, आज मौन सुटतंय. पयला शब्द माझ्या भावासाठी पायजे. चोर हितंच बसलाय, गुरुभाऊ म्हनवून घेतोय." तिने आबासाहेबांकडे पाहिलं. "तुमी समदं बघितलंय. बघून गप बसलात, म्हनून एक गरीब मानूस जित्तेपनी मेला. अशानं देव भेटत आसंल तर त्यो देवबी नको मला. नाव घ्या त्याचं."



तिने फडकं पुढे ठेवलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा बुवांनी ते बाजूला सारलं नाही. गाठ सोडली, भाकरी हातात घेतली आणि सगळ्यांना दिसेल अशी धरली. आपण जिंकलो, असं वाटून गोजरबाईचे डोळे भरून आले. बाहेर भिमाजीने बोचकं खाली ठेवलं.

बुवांची नजर आबासाहेबांवरून पुढे गेली आणि मागच्या रांगेत थांबली. सहा महिन्यांनी फुटलेला आवाज घोगरा होता.

"कारभारी," ते म्हणाले, "निदान हिला तरी सांगायचं हुतंस, मठाच्या दाण्याची भाकर मठातच आनू नको म्हनून."