जावयाचा हातगुण

"मशीन कधी बिघडत नसतं, बिघडतो तो माणूस," टेंभुर्णीला रखमाजींच्या बैठकीत त्यांचे जावई राधेश्याम यांनी जाहीर केलं. आत स्वयंपाकघरात मिक्सर घर्रर झाला आणि राधेश्यामांच्या पुढ्यातला कॉम्प्युटर काळा पडला.

"आता याला काय झालं, दाजी?" आकांक्षाने विचारलं. ती धाकटी मेहुणी. नर्सिंगच्या प्रवेशाचा तिचा फॉर्म पाच वाजता बंद होणार होता आणि भिंतीवर साडेतीन झाले होते. सकाळपासून फॉर्मचं पहिलं पान तिने चार वेळा भरलं होतं. कधी पडदा गोठला, कधी डब्बा आपोआप बंद पडून पुन्हा सुरू झाला. चारही वेळा पान कोरं.

"विचार करून राह्यला तो," राधेश्याम म्हणाले.

राधेश्यामांचं शहागडला हायवेवर टायरचं दुकान आहे. दुकानात कॉम्प्युटर आहे. तो कामाला ठेवलेली एक मुलगी चालवते आणि राधेश्याम तिच्या शेजारच्या खुर्चीत बसतात. एवढ्या अनुभवावर ते सासरी तज्ज्ञ होते. त्यात महिना अधिकाचा. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. आत तेहतीस धोंड्यांचं पुरण शिजलं होतं ते त्यांच्याचसाठी.

"मी स्टँडवरच्या सेंटरात जाते ना," आकांक्षा म्हणाली. "दहा मिनटांत भरून देतेत."

"घरात जावई असताना?" रखमाजी दचकले. "लोक काय म्हणतील?"

नारायणाने पेचकस मागितला. डब्ब्याचं एका बाजूचं झाकण उघडलं, आतली धूळ तोंडाने फुंकली, ती सगळी स्वतःच्या डोळ्यांत घेतली आणि म्हणाले, "व्हायरस." मग आतली एक पट्टी उपसून तिच्यावर आकांक्षाच्या कंपासपेटीतलं खोडरबर घासलं. पट्टी परत बसवली. कॉम्प्युटर सुरू झाला.

तेवढ्यात चहा आला. सासूबाई उषाबाई आणि मोठी लेक सुरेखा दोघी कपबशा घेऊन बाहेर आल्या, त्यामुळे आत मिक्सरपाशी कोणी नव्हतं. चहा होईपर्यंत कॉम्प्युटर गायीसारखा शांत उभा होता. आकांक्षाचं पहिलं पान भरून झालं, दुसरं निम्म्यावर आलं.

"बघा मामा," राधेश्याम बशीतून म्हणाले. "खोडरबर. दोन रुपयाचं काम. इंजिनेर लोक याचे हजार घेतेत."

"हातगुण हाये," रखमाजी म्हणाले.

उषाबाई कपबशा उचलून आत गेल्या. मिक्सर घर्रर झाला. पडदा काळा.

आकांक्षाने दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि घड्याळाकडे बघितलं. चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

उषाबाई मिक्सरचं भांडं हातात घेऊन दारात आल्या. त्यांनी पडद्याकडे बघितलं, भांड्याकडे बघितलं. मग आत गेल्या. कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत आत काही आवाज नव्हता. पडद्यावर चित्र आलं, तसा आत मिक्सर एकदाच, अगदी थोडा, घर्र झाला. चित्र गेलं. उषाबाई पुन्हा दारात.

"जावईबापू, एक सांगू का?"

"तू गप," रखमाजी म्हणाले. "अधिकात जावयाचा शब्द खाली पडू देऊ न्हाई."

"न्हाई बाई, मी कशाला पाडू," उषाबाई म्हणाल्या.

राधेश्यामांनी खिशातून किल्ल्यांच्या जुडग्याला बांधलेला पेनड्राइव्ह काढला. "रोग आत मुरला. आता फॉरमॅट. बिलकुल कोरा करून टाकतो."

"दाजी, माझा फोटो, सही, मार्कमेमो, सगळं त्यातच हाये!"

"जाईन ते. पुन्हा काढू."

"पाचच्या आत?"

"आकांक्षा," रखमाजी म्हणाले, "शिकलेल्या माणसाच्या कामात जल्दी करू न्हाई."

राधेश्यामांनी पेनड्राइव्ह लावायला हात पुढे केला. उषाबाई आत गेल्या, मिक्सरची पिन काढली, वायर गुंडाळली आणि अख्खा मिक्सर उचलून आणून कॉम्प्युटरच्या टेबलावर, बरोबर त्या हाताला आडवा ठेवला.

"एकवार तिला भरू द्या बापू. बंद पडला तर मंग तुमचं फॉरमॅट."

जावई बाजूला सरकले. मिक्सरला वळसा घालून पेनड्राइव्ह लावणं त्यांना शोभलं नसतं.

आकांक्षा टायपायला बसली. पहिलं पान गेलं. दुसरं गेलं. फोटो चढला, सही चढली. कॉम्प्युटरला बंद पडायचं काही आठवेना. तिसऱ्या पानावर घड्याळात चार वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

"फॉरमॅटचं नाव काढलं तं घाबरला," राधेश्याम म्हणाले. "मशीनला धाक लागतो."

"हातगुण, हातगुण," रखमाजी म्हणाले.

"तेच म्हणते मी," उषाबाई म्हणाल्या. त्यांनी कोपऱ्यातला पाटा बैठकीच्या मधोमध ओढला, त्यावर वरवंटा ठेवला आणि आतून पुरणाचं पातेलं आणलं. पुरणाला अजून वाफ होती. "पोरीचं होईस्तोवर मिक्सर लावायचा न्हाई. पुरण तं कोमट हाये तोवरच वाटावं लागतं. वीस धोंड्यांचं राह्यलंय."

राधेश्याम पाट्याकडे बघत होते. रखमाजी छताकडे.

"तुमच्या हाताला गुण हाये, बापू," उषाबाई म्हणाल्या. "हात तेवढे धुऊन या."