पाहुण्यांसाठी एसी

व्याही जेवायला येणार म्हणून भुजंगरावांनी खास एसी बसवून घेतला. सुमनबाईंनी मात्र उन्हाळा लागताच स्लॅबवर पांढरा चुना मारला होता आणि पश्चिमेच्या भिंतीवर दोडक्याचा वेल चढवला होता. रोज ऊन तापायच्या आत त्या सगळ्या खिडक्या लावून घेत.

"आता एसी आला, तुझा चुना न् वेल काहून पाहिजे?" सकाळी कामावर निघताना भुजंगराव हसले होते.

भर दुपारी ते हिंगोलीच्या बसस्टँडवरून व्याह्यांना घेऊन थेट घरात शिरले. बाहेर नुसता जाळ होता. व्याह्यांनी खुर्चीत टेकून डोळेच मिटले.

"भुजंगराव, एसी घ्यावा तर असा! काय गार करून राहिला!"

भुजंगरावांची छाती फुगली. त्यांनी ऐटीत रिमोट उचलून दोन-तीनदा दाबला. व्याह्यांनी उपरणं अंगाभोवती ओढून घेतलं.

"बास करा आता, थंडी वाजून राहिली."

 

सरबत घेऊन आलेल्या सुमनबाई म्हणाल्या, "दाबू द्या भाऊ त्यांना. लाईट सकाळपासून न्हाई."