मोराची मान

दुसऱ्या मशीननंही मोराची मान बिघडवली.

रंगनाथनं कागद दाराशी नेऊन उजेडात धरला. मान निळी हवी होती, ती आली जांभळट, आणि पिसाऱ्यातून आडव्या पांढऱ्या रेघा गेल्या होत्या. पहिल्या मशीनची तर गोष्टच सोडा. करकर करून त्यानं अख्खं दुकान डोक्यावर घेतलं आणि मोराच्या जागी कोंबडा काढला!

"ऐसा चाहिए," म्हणत रंगनाथनं फाईलमधला आपला कागद पुन्हा टेबलावर ठेवला.

"तीसरी देखिए, भाईसाहब," दुकानदार नंदकिशोर म्हणाला. एम. आय. रोडवरच्या या दुकानात रंगीत प्रिंटर तीनच होते, आणि विकत घेण्याआधी रंगनाथ मुलीच्या कॅसेटवरचा मोर एकेकावर छापून बघत होता.

रंगनाथ विमा कंपनीत होता. बदली होऊन जयपूरला आला, त्याला तीन वर्षं झाली होती. लंडनच्या भावानं पाठवलेला छोटा कॉम्प्युटर घरच्या टीव्हीला जोडलेला होता, आणि तेरा वर्षांची मुलगी प्रतिमा त्यावर ठिपक्याला ठिपका जोडून चित्रं काढायची. पोरीचा हात असा, की बघणारा बघतच राहावा. तिचा मोर दिल्लीच्या मुलांच्या प्रदर्शनासाठी निवडला गेला होता. निवडीच्या पत्राबरोबर मोराचा कागद परत आला, आणि सोबत अटही आली. दुसरं चित्र शनिवारपर्यंत रंगीत कागदावर उतरवून पाठवा, नाहीतर नाव बाद. प्रतिमाचा हवामहल टीव्हीवर तयार होता. आज मंगळवार होता.

मोर कुठून छापून आणला, हे सकाळीच त्यानं बायकोला, मालनला, विचारलं होतं. त्याआधी प्रतिमाला विचारलं, तर ती म्हणाली होती, "मतलब... आईला विचारा ना."

"इथंच, आपल्या झोटवाड्यात," मालन पोळी लाटता लाटता म्हणाली. "ओळखीतून."

"मग हवामहलही तिथूनच होऊ दे की."

"होईल. पण वेळ लागतो हो. आणि या खेपेला जमेलच, असं नाही सांगता येत." तिनं पोळी तव्यावर टाकली. "तुम्ही मशीन घ्याच. सुटल्यासारखं होईल."

"सुटल्यासारखं काय त्यात? तुला काय कळतंय यातलं!" तो हसला होता. तिच्या अंगठ्याच्या नखावर निळा डाग दिसला, तेव्हा म्हणाला, "ते नीळ घालायचं काम बाईला सांग. डॉक्टर काय म्हणाले, विसरलीस?"

कशी विसरेल? उजव्या डोळ्याचा पडदा कमजोर झालाय, वाकायचं नाही, बारीक काम एकदम बंद, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मालनचं कशिदाकाम सगळ्या कॉलनीत नावाजलेलं. पण रंगनाथनं तिच्याकडून शब्द घेतला आणि तिनं सुई, दोरा, रिंग सगळं गुपचूप ट्रंकेत ठेवून दिलं. हल्ली ती काम करता करता काहीतरी पुटपुटत असायची. देवाचं नाव घेते, चांगलंच आहे, असं त्याला वाटायचं.

तिसरं मशीन सुरू झालं. ते शाई फवारायचं. आवाज जवळजवळ नाहीच! कोऱ्या कागदावर तुरा उमटला, मग डोळा, मग मान. शेजारचा चष्मेवालासुद्धा गिऱ्हाईक सोडून येऊन उभा राहिला. रंगनाथच्या अंगावर काटा आला. माणसानं काय काय करून ठेवलंय, असं त्याला वाटलं, आणि हेच घ्यायचं असं त्यानं मनात ठरवूनही टाकलं.

मग नंदकिशोरनं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. नव्या मोराचा तांबडा रंग हिरव्यात उतरला होता. नंदकिशोरनं भिंग घेतलं, जुन्या कागदावर धरलं आणि बराच वेळ डोकं वर काढलं नाही.

"भाईसाहब," तो हळूच म्हणाला, "एक बिंदी इधर से उधर नहीं। रंग पे रंग नहीं चढ़ा। मैंने दिल्ली देखी है, बंबई देखी है, ऐसी मशीन नहीं देखी। ये है कहाँ?"

"झोटवाड़ा में."

"झोटवाड़े में!" नंदकिशोरनं चक्क हात जोडले. "तो मेरी दुकान में क्या कर रहे हैं आप? ऐसी मशीन को तो आदमी घर में रखे और रोज़ हाथ जोड़े।"

रंगनाथ हरखून गेला. त्यानं ऑफिसला अर्ध्या दिवसाच्या रजेचा फोन केला आणि तडक ऑटो पकडली. मालनकडून पत्ता घ्यायचा आणि आजच्या आज त्या मशीनवाल्याला गाठायचं. विकत नाही दिलं तर पाया पडायचं. पोरीसाठी तेही करू.

अडीचच्या सुमाराला तो घरी पोचला. दार नुसतं लोटलेलं होतं. आत टीव्ही चालू होता आणि पडद्यावर हवामहल स्थिर उभा होता.

टीव्हीसमोर जमिनीवर मालन ओणवी बसली होती. पुढ्यात आलेखाचा कागद, त्यावर टाचलेला पातळ पांढरा कागद, आणि बोटांच्या बेचक्यांत चार रंगांची चार पेनं. नाक जवळजवळ कागदाला टेकलं होतं. "दोन लाल, एक सोडून, तीन गुलाबी," ती पुटपुटत होती.

रंगनाथ उंबऱ्यातच थांबला. त्याची चाहूल लागली तशी मान वर न करता ती म्हणाली,

"प्रतिमा, आलीस का गं? बघ ना जरा, त्या वरच्या खिडकीतला ठिपका लाल आहे की हिरवा? सकाळपासून मला सगळे एकसारखेच दिसतायत."