दोन्ही वेळ भाजी

"झालं का हो?" इंदिराबाईंनी संडासाच्या दारावर तिसऱ्यांदा टकटक केली.

आतून नुसतं कुंथणं ऐकू आलं. मग तेही थांबलं. मारुतराव घामेजून बाहेर आले, नाही म्हणून मान हलवली आणि पेपर घेऊन बसले.

पथ्याचा आज बाविसावा दिवस. महिन्याभरात फरक पडला नाही तर दुर्बीण घालून आतडी बघू, असं डॉक्टर म्हणाले होते. इंदिराबाईंचे वडील आतड्याच्याच दुखण्यानं गेले. त्याचीही सुरुवात अशीच झाली होती. त्या ओट्यापाशी गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या.

"पाणी प्यालात ना?"

"प्यालो गं बाई, दोन तांबे."

"वैद्यजींनी सांगितलं ते सगळं करतेय मी. मग घोडं अडतंय कुठं?"

मारुतरावांनी पेपर आणखी वर धरला.

झाशीच्या मानिक चौकातल्या वैद्यजींनी दोघांसमोर बजावलं होतं, "बाईजी, ब्रेड-बिस्कुट एकदम बंद. पानी खूब पिलाइए. और दोनों टाइम भाजी." मग काय, त्या दिवसापासून दोन्ही वेळ भाजी! या घरात भाजी म्हटली की बटाटा, दुसऱ्या कशाला मारुतराव हात लावत नसत. काचऱ्या झाल्या, रस्सा झाला, उकडून झाली, पुन्हा काचऱ्या. माणूस निमूट खात होता. एकच खूळ होतं त्यांचं. "बटाटे रोज ताजे आण. पावशेरच आण. आणि तूच आण, मला ड्यूटी असते." आता बटाटे रोज ताजे कोण आणतं? पण आजारी माणसाशी हुज्जत कोण घालणार!

दोन वर्षांपूर्वी भुसावळहून झाशीला बदली झाली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात इंदिराबाई सदर बाजारला निघाल्या होत्या. "भैया, मेरे को खाली उतारो," म्हणाल्या, आणि अख्खी ऑटो खिदळली. हिंदीत खाली म्हणजे रिकामं, हे त्यांना कुठं ठाऊक! त्या दिवशी दार लावून घेतलं ते लावलंच. मारुतराव कामावरून येताना ब्रेड, टोस्ट, बिस्किटं आणायचे. चहात बुडवून दोघं दिवस ढकलायचे. पोट बिघडायला तेवढं पुरलं. आता नवऱ्याच्या पोटासाठी त्या रोज ऑटोत बसत होत्या. जीभ अडखळायची, तरी जायच्या.

आजही गेल्या. बरुआसागरहून भाजीपाला घेऊन येणारी कुसुमावती कोपऱ्यावर बसली होती. बावीस दिवसांत तिची आणि इंदिराबाईंची गट्टी जमली होती.

"का हुआ जिज्जी? मुँह उतरो है."

"साहब का पेट," इंदिराबाई म्हणाल्या. "इतनी भाजी खिलाती हूँ, तो भी साफ नहीं होता."

"भाजी? मोसे तो तुमने कभऊँ भाजी नईं लई!"

"रोज तो लेती हूँ." त्यांनी बटाट्यांवर बोट ठेवलं.

कुसुमावतीनं कपाळावर हात मारला आणि बटाटे दाखवले. "अरी जिज्जी, जा तो तरकारी आय! भाजी जा आय." तिनं पालक आणि बथुव्याच्या, म्हणजे चाकवताच्या, जुड्या उचलून त्यांच्या नाकासमोर नाचवल्या. "पत्ता! पत्ता!"

शेजारच्या दोघी खो खो हसल्या. इंदिराबाईंना त्याचं भानही नव्हतं. पालेभाजी! इथं भाजी म्हणजे पालेभाजी! दोन्ही हातांत मावतील तेवढ्या जुड्या घेऊन त्या धापा टाकत घरी आल्या.

"अहो, चुकलं माझं! वैद्यजी पालेभाजी म्हणत होते. मी मेली तुम्हाला बटाटे चारत बसले!" त्यांना रडूच फुटलं.

मारुतरावांनी पेपर खाली ठेवला. "माहितेय."

"काय माहितेय?"

"वैद्यजी म्हणाले तेव्हाच कळलं होतं मला. कामावर सगळ्यांच्या डब्यात असते की भाजी."

हातातल्या जुड्या इंदिराबाईंनी टेबलावर आपटल्या.

"आणि तोंड शिवलं होतं का तुमचं? मी इकडं जीव मुठीत धरून जगतेय! रात्र रात्र डोळा नाही माझा! असं का केलंत?"

मारुतराव ओशाळले. पालकाचं एक पान उगीच खुडत बसले.

"सांगणारच होतो. पण पुन्हा शब्द चुकला म्हटल्यावर तू पुन्हा घरात बसली असतीस. दोन वर्षांनी तुझं दार उघडलं होतं, इंदू. म्हटलं, माझं राहू दे चार दिवस बंद."