नववी फळी

"आधी चाकं," बाबा म्हणाले. "फळ्या शेवटी."

तिच्या एका खांद्यावर सात महिन्यांची लेक होती, दुसऱ्यावर तिचं दुपटं. लेकीला दात येत होते. चार रात्री धड झोप नव्हती. उभ्या उभ्या तिचे डोळे मिटत होते, पण हात सवयीने लेकीचं कपाळ चाचपत होता. ताप नव्हता. तिने पुन्हा एकदा बघितलं. नव्हताच.

बाबा संग्रहालयाच्या दोरीखालून वाकून रेल्वेच्या जुन्या मालडब्याच्या चाकावर हात फिरवत होते. मोतीबिंदू पिकल्यापासून ते सगळं बोटांनीच बघायचे.

"हाच तो. बफरवरचा हा टवका बघ. हातोडा मी मारला होता, बोलणी खाल्ली तुझ्या काकाने." ते स्वतःशीच हसले आणि लगेच हसू आवरून पुढचं चाक चाचपू लागले. काकाचं नाव निघालं की हे असं व्हायचं.

दोघा भावांना एकच वेड. जुन्या मालडब्यांच्या हुबेहूब प्रतिकृती करायच्या, सत्त्याऐंशी पट लहान, रिवेट न् रिवेट मोजून. हा लाकडी डबा तर दोघांच्या लहानपणी घरामागच्या रुळांवर उभा असायचा. एकोणीस वर्षांपूर्वी बाबांनी तो आठवून आठवून केला, बाजूला नऊ आडव्या फळ्या लावून. भर प्रदर्शनात, चारचौघांत काका म्हणाला, "दादा, आठ होत्या."

बाबा तडक घरी आले. तेव्हापासून दोघांत शब्द नाही. मध्ये तिचं लग्न झालं. काका अक्षता टाकून मागच्या दाराने निघून गेला.

आता काका दवाखान्यात होता. उद्या सकाळी हृदयाची शस्त्रक्रिया. काकूचा फोन आला होता, "भाऊजींना म्हणावं, एकदा येऊन जा. हे नुसते दाराकडे बघत पडलेत."

"मी चुकलो असेन तर आत्ता जाऊन त्याची माफी मागेन," बाबा म्हणाले होते. "तो चुकला असेल तर त्याने फोन करावा."

"बाबा, ते काय फोन करण्याच्या अवस्थेत आहेत का?"

"तोंड चालतंय ना त्याचं? ते कधी बंद पडायचं नाही."

शेवटी तिनेच तोड काढली, खऱ्या डब्याच्याच फळ्या मोजून बघू. तो डबा महिन्यापूर्वी या संग्रहालयाच्या शेडमध्ये आणून उभा केलाय असं तिने वाचलं होतं. माहितीची पाटी अजून लागायची होती, रंगाचा वास येत होता. डागडुजी केली असेल.

"आता मोज," बाबा म्हणाले. वरच्या फळ्यांपर्यंत त्यांचा हात पोचत नव्हता.

तिने खालून वर मोजल्या. मग वरून खाली. लेक कुरकुरली, तिला थोपटत तिसऱ्यांदा मोजल्या.

नऊ.

बाबा मान वर करून तिच्याकडे बघत होते, म्हणजे तिच्या आवाजाच्या दिशेने. नऊ म्हटलं की ते ताठ होणार, घरी जाणार आणि फोनची वाट बघत बसणार. तिला काकूचा आवाज आठवला.

"आठ," ती म्हणाली.

"मोठ्याने मोज."

"एक, दोन, तीन..." तिचा आवाज कापला नाही याचंच तिला नवल वाटलं. "...सात, आठ."

बाबा बाकावर बसले. बराच वेळ गुडघ्यावरची धूळ झटकत राहिले, गुडघा स्वच्छ होता तरी.

"एकोणीस वर्षं," ते म्हणाले. "गाढव आहे मी. त्याला रोखठोक शब्दांत सांगितलं होतं, तुला मोजता येत नाही म्हणून." मग उठले. "चल. भेटायची वेळ पाचपर्यंतच असते."

"आले, पिशवी घेऊन," ती म्हणाली.

आल्या आल्या लेकीचा लंगोट बदलताना ती बाळाची पिशवी संग्रहालयाच्या सुतार मिस्त्रींच्या खोलीत विसरली होती. कानावर पेन्सिल, अंगभर भुसा असे ते बसले होते. तिच्या तोंडाकडे बघून म्हणाले, "काय ताई, रडलात की काय?"

"झोप नाही हो." ती पिशवी उचलायला वाकली. माणूस आयुष्यभर एका गोष्टीत बरोबर होता, आणि ती गोष्टही तिने काढून घेतली होती. जन्मात पहिल्यांदा ती बाबांशी खोटं बोलली होती.

"डबा बघितलात ना? कसा झालाय?"

"झालाय म्हणजे?"

"वरचं सगळं लाकूड माझ्या हातचं. जुन्या शेडला आग लागली तेव्हा नुसता लोखंडी सांगाडा उरला. नकाशा कुठेच नाही. मग साहेबांना एका प्रदर्शनाच्या अडगळीत हे सापडलं. कोणीतरी रागारागात तिथेच टाकून गेलं होतं म्हणे. मी यावरूनच मापं काढली."

त्यांनी कपाटातून वीतभरही नसलेला एक डबा काढून तिच्या तळहातावर ठेवला. बाजूला नऊ फळ्या, दोऱ्याएवढ्या बारीक फटी. तिने तो उलटा केला. तळाशी बाबांची सही होती.

लेकीने डब्याकडे झेप घेतली. तिने डबा लेकीच्या हातापासून लांब धरला.

"मग मूळ डब्याला किती फळ्या होत्या?" तिने विचारलं.

मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढून टेबलावर टाकली.

"आठ. जुना फोटो मिळाला, पण तोवर माझी नववी ठोकून झाली होती."