नाकोबाची मुदतवाढ

“उतर रे, पोहोचलो,” शेठ म्हणाला, तरी नाकोबा गाडीतून हलेना. दाराखाली माशांची खवलं आणि काळपट पाणी पसरलं होतं.

शेवटी पँट दोन बोटांनी वर धरून तो उतरला. शेठने आणि डॉक्टरने नाक मुरडलं, तसा त्यानेही रुमाल काढून नाकावर दाबला.

“शी! कालचा माल आहे हा. बर्फात घालून आज विकतायत.”

“बघ, उभ्या उभ्या ओळखलं,” शेठ डॉक्टरला कौतुकाने म्हणाला.

कॉलेजपासूनचे हे तिघे दोस्त. दर दोन महिन्यांनी एखादं जुनं बंदराचं गाव गाठायचं, दिवसभर भटकायचं आणि अंधाराच्या आत घरी, असा त्यांचा नेम. डॉक्टर दातांचा. शेठची चहाची कंपनी. नाकोबा त्याच कंपनीत चहा पारखणारा मुख्य माणूस. त्याने वास घेऊन मान हलवल्याशिवाय एक पेटी बाहेर जात नसे. परवाच त्याला साठ वर्षं पूर्ण झाली होती. दोन वर्षांच्या मुदतवाढीचं पत्र टाइप होऊन शेठच्या खिशात होतं, सही तेवढी बाकी होती.

“करून टाक ना सही,” नाकोबा म्हणाला. “घरी बसलो तर चार दिवसांत गंजून जाईन.”

“करतो रे. आज फिरायला आलोय ना?”

शेठला एक गोष्ट खात होती. गेल्या हंगामात मालाच्या दोन खेपा कुबट वास येतो म्हणून परत आल्या होत्या. त्यापायी त्याने गोदाम सांभाळणाऱ्याला एकोणीस वर्षांच्या नोकरीवरून काढून टाकलं होतं. त्याची बायको ऑफिसात येऊन रडून गेली होती.

“तो अजून म्हणतो, माल आला तोच कुबट होता,” बाजारातून चालताना शेठ म्हणाला.

“माझ्या टेबलावरून गेला तेव्हा चोख होता. गोदामातल्या ओलीत राहून राहून नाक मेलंय त्याचं.” नाकोबाने मासे विकणाऱ्या बायकांकडे हात केला. “या बघ. माशांच्या आतड्यांत बसून डबा खातायत. यांना काही वाटतं का?”

“आम्हाला काय वाटतं ते ऐकायचंय का, काका?” टोपलीमागून एकीने विचारलं. नाकोबाने झपझप पाय उचलले.

“टोपी गाडीत राहिली,” म्हणत डॉक्टर मागे वळला. तो घामाघूम होऊन परतला तेव्हा दोघे किल्ल्यातल्या संग्रहालयात पोहोचले होते. नाव संग्रहालय, पण भिंतींना बुरशी आणि प्रत्येक तोफेच्या तोंडात गुटख्याच्या पुड्या. एका कोपऱ्यात मोठं लाकडी पिंप होतं. ‘जहाजावर मिरी नेण्याचे पिंप’ अशी पाटी त्यावर होती. नाकोबा वाकला आणि डोळे मिटून त्याने श्वास ओढला.

“क्या बात है! इतकी वर्षं झाली, तरी मिऱ्यांचा वास आहे.”

“साहेब, ते गेल्या वर्षी बनवलंय,” पहारेकरी म्हणाला. “नुसतं दाखवायला.”

“मग लाकूड मिऱ्यांच्या गोदामातलं असणार.”

“असेल बुवा,” पहारेकरी म्हणाला आणि पुन्हा मोबाइलमध्ये घुसला. शेठने मात्र टाळी वाजवली.

जेवायला बसले तिथलं टेबल पुसायचं फडकं पाहूनच नाकोबाने तोंड वाकडं केलं. डॉक्टर मचमच करत मासा खात होता आणि दाताचा डॉक्टर असून बोट घालून काटे काढत होता. नाकोबाने मान फिरवली, तर मोरीत भांडी घासणारी पोरगी नाक शिंकरत होती. त्याने ताट सरकवलं.

शेवटी राहिला किल्ल्याचा बुरुज. त्याच्या पायऱ्यांवर वटवाघळांच्या विष्ठेचा थर होता.

“मी नाही येत,” नाकोबा म्हणाला. “तुम्ही जाऊन या. मी गाडीत एसी लावून बसतो. घरून बिस्किटं आणलीयत, स्वच्छ.” त्याने किल्ली घेतली आणि जाताना पुन्हा एकदा शेठच्या खिशाकडे पाहिलं.

वर छान वारा होता. शेठचं लक्ष मात्र समुद्राकडे नव्हतं.

“डॉक्टर, त्या गोदामवाल्यावर मी अन्याय तर नाही ना केला?”

“नाकोबाच्या नाकावर तुझी कंपनी उभी आहे. पिंपाचं लाकूडसुद्धा सोडलं नाही त्याने. आता कसला विचार करतोस?”

शेठने कठड्यावर कागद पसरला आणि सही केली. त्याला एकदम हलकं वाटलं.

तासाभराने ते खाली आले. सकाळपासून उन्हात उभ्या असलेल्या गाडीचं मागचं दार शेठने उघडलं, पत्र पुढे केलं आणि थोबाडीत बसावी तसा तो मागे हटला. डॉक्टर चाकाशी वाकला आणि भडाभडा ओकला.

“माझी कोळंबी,” तो कसाबसा म्हणाला. “दोन किलो. याने गाडीत आणू दिली नसती, म्हणून सकाळीच सीटखाली लपवली.”

पिशवी फुगून फुटली होती. करडं, चिकट पाणी सीटखालून ओघळत होतं आणि त्यावर माश्यांचा थर बसला होता. वर सीटवर नाकोबा बूट काढून, मांडी घालून, निवांत बिस्किट खात होता. काचा गच्च बंद होत्या.

त्याने शेठचा चेहरा पाहिला, मग डॉक्टरचा, आणि घाईघाईने रुमाल नाकावर दाबला.

“दार लावा आधी,” तो म्हणाला. “बाहेरचा वास आत येतोय.”